दोरी कोण सांभाळणार?

सोयाबीन घरात आले आणि तुरीला शेंगा धरल्या की रिसोड तालुक्यातल्या गावांतून सामन्यांचे फलक लागू लागतात. केनवड असो की शेजारचे कुठलेही गाव, फलकाचा नमुना ठरलेला. वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग, मध्ये प्रथम बक्षिसाचा ठळक आकडा, खाली देणगीदारांची नावे आणि ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ ही बारीक अक्षरातली ओळ. कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट हे आमचे हिवाळी खेळ. भांडण पेटले तर सामना कोण थांबवणार आणि गर्दी बिथरली तर बायापोरे कुठल्या वाटेने बाहेर पडणार, हे मात्र फलकावर नसते आणि आयोजकांच्या बैठकीतही निघत नाही. ‘आपल्याकडे कुठे असे होते’ या भरवशावर सगळे चालते. भरवसा खोटा ठरायला फार दूर जावे लागत नाही.

2 फेब्रुवारी 2025 ची अहिल्यानगरची रात्र आठवा. वाडिया पार्कच्या मैदानावर महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची शेवटची कुस्ती, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळला चितपटीचा विजय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षेचे म्हणणे. चित्रफीत पाहून निर्णय द्या ही मागणी मान्य झाली नाही, आणि दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाने पंचाची कॉलर धरून लाथ घातली. त्याच रात्री अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने एका गुणावरून वाद घालत आखाडा सोडला. दोघांवर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी घातली. पुढे चौकशीत पंचांच्या त्या निर्णयातही दोष निघाला आणि पंचांवरही कारवाई झाली. लाथ सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली. चौकशीचा निकाल किती जणांनी वाचला असेल, कोण जाणे.

पंचावर हात उचलणाऱ्या खेळाडूला सवलत देता येत नाही आणि राक्षेला झालेली शिक्षा योग्यच होती, हे आधी स्पष्ट सांगतो. पण त्या रात्रीचा धडा तेवढ्यावर संपत नाही. महाराष्ट्रातली सर्वात मानाची कुस्ती, वर्षाची मेहनत, पुढची नोकरी आणि नाव एका इशाऱ्यावर टांगलेले, आणि तो इशारा चुकला तर दाद मागायची जागा नाही, अशी व्यवस्था उभी करून मग मल्लाने संयम ठेवावा म्हणणे हे आयोजकांना सोयीचे आहे. तिथे प्रक्षेपण होते, मोठमोठे पडदे होते, मंत्री होते. तक्रार ऐकून घेणारी, मल्लाच्या समोर चित्रफीत लावून दाखवणारी समिती तेवढी नव्हती. राज्याच्या मानाच्या स्पर्धेची ही गत, तर गावातल्या खुल्या सामन्यात बोनसच्या गुणावरून डोकी फुटली याचे नवल कशाला वाटावे?

मैदानावरची हाणामारी आणि प्रेक्षकांचे जीव हे दोन निरनिराळे विषय मानण्याची आपल्याला सवय आहे. पहिल्याची चौकशी क्रीडा संघटना करणार, दुसऱ्याची पोलीस. ही वाटणी किती खोटी आहे ते 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दिसले. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि मोहन बागानचा बिदेश बोस यांच्यात धसमुसळा खेळ सुरू झाला, उत्तरार्धात दोघांनाही बाहेर काढावे लागले. तोवर गॅलरी पेटली होती. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मांडीला मांडी लावून बसवलेले. दगड, बाटल्या, मग पळापळ, अरुंद वाटा आणि उंचावरून पडणारी माणसे. 16 जण गेले. त्यांत कोणी दंगलखोर म्हणून आला नव्हता, सगळे सामना पाहायला आले होते. मैदानातला तो एक धसमुसळेपणा वेळीच शिट्टी फुंकून आवरला असता आणि प्रेक्षकांना वेगवेगळे बसवले असते तर ती तारीख आज बंगालमध्ये फुटबॉलप्रेमींचा स्मृतिदिन म्हणून पाळावी लागली नसती.

कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. तिथला फुटबॉल तालमीतून आणि पेठेतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे संघांची आहेत तशीच ती गल्लीच्या इभ्रतीची आहेत. शाहू स्टेडियमवर तालीम हरली की पेठ हरते. एवढे प्रेम महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहराने फुटबॉलवर केले नाही, आणि अनिकेत जाधवसारखा 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला पोरगा त्याच मातीने दिला. पण खेळाडूंची बाचाबाची, तिच्यामागून गॅलरीतून बाटल्या आणि सामन्यानंतर रस्त्यात गाठून हिशेब चुकते करणे हेही तिथे वारंवार घडत आले आहे. मोठा सामना म्हणजे मोठा पोलीस बंदोबस्त हे समीकरण होऊन बसले. तिथल्या जाणत्या मंडळींना याची लाज वाटते, हीच त्यातली आशा.

शिकलेल्या आणि श्रीमंत समाजात असे होत नाही, असेही कोणी समजू नये. अमेरिकेत ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे त्यांच्या तिकडच्या फुटबॉलमधले वैर शंभर वर्षांहून जुने आहे. 30 नोव्हेंबर 2024 रोजी मिशिगनने परक्या मैदानावर 13-10 असा विजय मिळवला आणि तिथेच मध्यभागी आपला झेंडा रोवायला घेतला. दोन्हीकडची पोरे एकमेकांवर तुटून पडली. पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. दंड संस्थेला झाला, हे आमच्या विद्यापीठांनी टिपून ठेवावे.

आता दुसरी बाजू. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘बेभान गर्दी’ हा शब्द तयार असतो. पत्रकार आम्हीही आहोत, तो शब्द आमच्याही लेखणीत चटकन येतो. पण इंडोनेशियात मलांग शहरातल्या कांजुरुहान स्टेडियमवर 1 ऑक्टोबर 2022 रोजी 135 जीव गेले, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखे स्टेडियममध्ये नव्हतेच. त्यांना आधीच मनाई केलेली होती. घरचा संघ 3-2 असा हरला, काही लोक मैदानात उतरले, आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. स्टेडियमच्या आत अश्रुधूर वापरू नये असा फिफाचा नियम आहे. धूर गॅलरीत गेला, लोक दाराकडे धावले आणि दारातच चिरडले. इंग्लंडमध्ये 1989 साली हिल्सबरोला 97 लिव्हरपूलप्रेमींचे बळी गेले. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी दोष त्यांच्याच माथी मारला. गर्दी हाताळणाऱ्यांची चूक होती आणि प्रेक्षक निर्दोष होते, हे ज्युरीने सांगेपर्यंत 2016 उजाडले. 27 वर्षे त्या घरच्या लोकांनी मृतांवरचा डाग पुसण्यात घालवली.

विदर्भाची आठवणही ताजी असायला हवी होती. नोव्हेंबर 1995 मध्ये नागपुरात सदरच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंडचा एकदिवसीय सामना सुरू असताना प्रेक्षकांच्या गॅलरीतली भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली माणसे दगावली. त्या सामन्यात न्यूझीलंडने 348 धावा केल्या हे क्रिकेटवेड्यांना पाठ आहे. भिंतीखाली सापडलेल्यांची नावे कुणाला आठवत नाहीत. पुढे जामठ्याला भव्य स्टेडियम झाले. लहान गावांकडे मात्र जामठा येत नाही. तिथे बांबू, बल्ल्या आणि फळ्यांची गॅलरी रात्रीतून उभी राहते. तेलंगणात सूर्यापेठला 22 मार्च 2021 रोजी राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनालाच अशी गॅलरी बसली आणि शंभराहून अधिक जण जखमी झाले. ती राष्ट्रीय स्पर्धा होती. गावच्या सामन्यातल्या गॅलरीवर एका वेळी किती माणसे चढू द्यायची, हे बांधणाऱ्या मंडपवाल्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

आमच्याकडचे कबड्डीचे मैदान कसे असते ते वाचकांना माहीत आहे, तरी एकदा डोळ्यांपुढे आणा. नांगरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली माती. त्यावर फक्कीच्या रेघा. भोवती बांबू ठोकून बांधलेली सुतळी किंवा नायलॉनची दोरी. संध्याकाळी सात वाजता प्रेक्षक दोरीच्या बाहेर असतात. नऊ वाजता दोरी त्यांच्या पोटाला टेकलेली असते. दहा वाजता, उपांत्य सामन्याच्या वेळी, ती पायाखाली गेलेली असते आणि पुढच्या रांगेच्या चपलांचे अंगठे लॉबीच्या रेघेवर. मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर माणसे, बाजूला जनरेटर, त्याची वायर लोकांच्या पायातून. चढाईला गेलेला पोरगा लॉबीत ढकलला गेला तर सरळ पाठीराख्यांच्या अंगावर पडतो. हात लागला की नाही हे पंचाला दिसण्याआधी शंभर जणांनी ठरवलेले असते. अशा वेळी माइकवरचा समालोचक सगळ्यात घातक. ‘पाहुण्या संघाने आता तरी शहाणे व्हावे’ असली एखादी पिचकारी टाळ्या मिळवते आणि ठिणगीही टाकते.

कबड्डीच्या नियमात हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड आहे. ताकीद, दोन मिनिटे बाहेर, सामन्यातून बाद. आमच्या खुल्या सामन्यांत पंचाच्या खिशात ही कार्डे सहसा नसतात, असली तरी यजमान गावच्या चढाईपटूला लाल कार्ड दाखवायची छाती कुणाची? पंचाला त्या रात्री त्याच गावातून मोटारसायकलवर घरी जायचे असते.

महाविद्यालयीन खेळाकडून अधिक अपेक्षा ठेवावी, तर तिथेही चित्र फारसे निराळे नाही. केनवडचे, रिठदचे, शिरपूरचे पोरगे रिसोडला, मालेगावला, वाशीमला कॉलेजात जातात आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर कलर कोट मिळतो, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते, आणि त्यापुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाची आशा. दोन-चार एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या मुलासाठी हा खेळ करमणूक राहिलेला नसतो. एका चुकीच्या निर्णयात त्याला नोकरी गेलेली दिसते. त्याच्या रागाला हे कारण पुरते असे आम्ही म्हणत नाही. पण हे कारण ठाऊक असलेल्या शारीरिक शिक्षण संचालकाने संघाला मैदानावर नेण्याआधी त्याच्याशी बोलले पाहिजे, आणि हरल्यावर आपल्या मुलांना स्वतः गाडीत बसवले पाहिजे. बहुतेक सर हे करतातही. काही मात्र पंचाच्या अंगावर सर्वात आधी स्वतः धावून जातात. मुले काय पाहतात, त्यांना ठाऊक असते.

बंदीचे तर आणखी हसे. एका स्पर्धेत हाणामारी केलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या मंडळाच्या नावाने खेळतो, कधी दुसऱ्याच्या आधार कार्डावर. दोन्ही गावांचे आयोजक त्याला ओळखतात, पण तो गर्दी खेचतो. बंदीचा कागद जिल्हा संघटनेच्या फायलीत राहतो. जिल्हा क्रीडा अधिकारी, विद्यापीठाचा क्रीडा विभाग आणि कबड्डी संघटना यांनी बंदी घातलेल्या खेळाडूंची एकच यादी करून ती प्रत्येक आयोजकाकडे पाठवावी. त्यासाठी निधी लागत नाही, नवा शासन निर्णय लागत नाही. एक मोबाइल पुरतो.

पोलीस परवानगीचाही विचार व्हावा. आज आयोजक ठाण्यात जातो तो मुख्यतः ध्वनिक्षेपकासाठी. रात्री दहाला आवाज बंद करण्याची अट त्याला तोंडी आणि लेखी सांगितली जाते, ते योग्यच आहे. त्याच कागदावर गॅलरी कोणी बांधली, तिची तपासणी कोणी केली, बाहेर पडायच्या वाटा किती आणि जनरेटर कुठे, एवढ्या चार ओळी लिहून घ्यायला काय हरकत आहे? 4 जून 2025 ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जण चेंगरून मेले, तिथे तर भांडणही नव्हते, विजयाचा जल्लोष होता. त्यानंतर कुणी काय ठरवायला हवे होते यावर महिनोन्‌महिने खल झाला. आपल्या गावाचा खल आधीच होऊन जाऊ द्या.

इर्षा वाईट, ती संपवा, असे सांगणाऱ्यांत आम्ही नाही. इर्षा नसेल तर थंडीत मैदानावर कोण बसेल, आणि पहाटे उठून पोरगा पळायला का जाईल? ती असावी, पण तिचे ओझे पंचाच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये. या हंगामात सामने भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला आमची विनंती आहे. बक्षिसाचा आकडा दहा हजारांनी कमी करा आणि त्या पैशात बाहेरगावचे पंच, मैदानापासून दोन मीटर दूर लोखंडी पाइपचा कठडा आणि उभी राहणारी एक रुग्णवाहिका आणा. प्रेक्षक कठड्याच्या आत आला की सामना थांबेल आणि तो बाहेर जाईपर्यंत सुरू होणार नाही, ही अट पहिल्या सामन्याआधी माइकवरून सांगा. यजमान गावचे लोक आत आले तरीही ती अट पाळा.