विचारणारा यावा लागतो

लिंडी हॉप हे अतिशय वेगवान युगुलनृत्य. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२६ साली सॅव्हॉय नृत्यगृह उघडले; तेथे ते बहरले. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय तेथे एकाच फरशीवर नाचत, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

हे नृत्य शिकू लागलेला मनुष्य लय वाढताच मोठी पावले टाकतो, सहनर्तकाचा हात घट्ट धरतो आणि लवकर दमतो. रीत नेमकी उलट आहे. लय जितकी द्रुत, तितके पाऊल लहान, गुडघे सैल, पकड हलकी. आवळलेल्या हाताला समोरच्याचा इशारा कळत नाही.

फ्रँकी मॅनिंग हे सॅव्हॉयचे अग्रगण्य नर्तक. पुढे अभिरुची बदलली आणि त्यांनी सुमारे तीस वर्षे टपाल खात्यात नोकरी केली. १९८०च्या दशकात काही तरुण त्यांना शोधत आले. सत्तरी ओलांडलेल्या मॅनिंग यांनी त्यानंतर देशोदेशी शिकवले. २००९ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी ते निवर्तले.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीही एखादी विद्या अशीच मूकपणे वसत असते. तिला वाट असते ती विचारणाऱ्याची.