पासपोर्ट दिलात, व्हिसाच्या रांगेतही सोबत राहा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली



हे पत्र पर्यटक व्हिसाविषयी आहे. नोकरीच्या व्हिसावर संसदेत चर्चा होते, विद्यार्थ्यांच्या व्हिसावर अग्रलेख येतात. पण नातवंडांना भेटायला निघालेली आजी किंवा निवृत्तीच्या पैशातून एकदा युरोप पाहून येऊ म्हणणारं जोडपं, यांच्या बाजूने कुणी फारसं बोलत नाही. त्यांचा प्रवास हौसेचा, म्हणून त्यांचा त्रासही किरकोळ, असं गृहीत धरलं जातं. तो किरकोळ नाही, एवढं आपल्यापर्यंत पोचावं म्हणून लिहीत आहे.

मी चेन्नईत राहते आणि ओळखीच्या मराठी घरांना हे अर्ज भरायला मदत करते. या शहरात मराठी माणूस नवा नाही. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरात रुजलेल्या घराण्यांचे वंशज इथे राहतात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी १९१२ साली इथेच मराठा एज्युकेशन फंड उभा राहिला. त्यांच्या शेजारी आता पुण्या-नागपुरातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं आहेत. या साऱ्यांची मुलं डॅलस, फ्रँकफर्ट, लंडन अशी पांगलेली. शिवाय मुंबईत अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळाली नाही की चेन्नईची तारीख घेऊन इथे येणारे पुण्या-मुंबईचे आई-वडीलही असतात. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणजे निदान एक मुक्काम. अण्णा सालैवर जेमिनी उड्डाणपुलाजवळच्या त्या वकिलातीबाहेर फाईल छातीशी धरून उभी असलेली माणसं तमिळ, मल्याळम, कन्नड, मराठी अशा सगळ्या भाषांत एकच प्रश्न विचारत असतात : "काय विचारलं हो तुम्हाला?"

परदेशी जाण्याचा हक्क आपल्या न्यायालयांनी स्पष्ट केला आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात हे तत्त्व आणखी पक्कं झालं. म्हणजे माझ्या सरकारने मला वाजवी कारणाविना अडवू नये, ही हमी मला आहे. दुसऱ्या देशाने मला आत घ्यावंच, अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. कुणाला येऊ द्यायचं हे प्रत्येक देशाने ठरवायचं, आणि भारतही तेच करतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की, आत घेणं त्यांच्या हातात असलं तरी दारात आपल्या नागरिकाला कसं वागवलं जातं, हे पाहणं आपल्या हातात आहे. पासपोर्ट दिला की राज्याचं काम संपत नाही.

आपण ठरवलं तर काय होऊ शकतं, हे आपणच दाखवून दिलं आहे. २०२२ साली अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी दिल्ली-मुंबईत प्रतीक्षा आठशे दिवसांच्या पुढे गेली होती. त्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांच्यासमोर आपण हा विषय काढला. त्यानंतर शनिवारीही मुलाखती सुरू झाल्या, जादा अधिकारी आले, बँकॉकसारख्या ठिकाणी मुलाखत देण्याची मुभा मिळाली. २०२३ साली अमेरिकेच्या भारतातील कार्यालयांनी सुमारे १४ लाख व्हिसा अर्ज हाताळले आणि पर्यटक व्हिसाची प्रतीक्षा सरासरी हजार दिवसांवरून अडीचशेवर आली, असं त्यांनीच जाहीर केलं. त्या आकड्यांत आमच्या ओळखीची घरं होती, लग्नं होती, बारशी होती. मागणी केल्याने फरक पडतो, हे तेव्हा दिसलं.

पण दार पुन्हा अरुंद होत आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालील मुलांना आणि ७९ वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीतून मिळणारी सूट साधारणतः संपली. त्याच महिन्यापासून स्वतःच्या किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यावी, असा नियम आला आणि बँकॉकची वाट बंद झाली. चेन्नईच्या वकिलातीकडे तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, पुदुच्चेरी, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप एवढा मोठा प्रदेश आहे. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या बाईंना पोर्ट ब्लेअरहून किंवा कोचीहून दोन-तीन मिनिटांच्या प्रश्नोत्तरांसाठी विमानाने इथे यायचं. १७ जानेवारी २०२५ रोजी बंगळुरूच्या अमेरिकन वकिलातीच्या उद्घाटनाला आपण स्वतः उपस्थित होता. त्या दिवशी कर्नाटकातल्या किती घरांत आनंद झाला असेल! पण सुरुवातीला तिथे व्हिसाची सोय नव्हती, आणि बंगळुरूची माणसं चेन्नईलाच येत राहिली.

वेळेनंतर पैसा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो झालं; त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, शिवाय जाण्या-येण्याचं आरक्षण, राहण्याची सोय, बँकेचे कागद, आयकराची विवरणपत्रं, नोकरदाराला रजेचं पत्र. म्हणजे होकार येण्याआधीच खर्चाचा मोठा भाग होऊन जातो. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही. युरोपीय आयोगाच्याच आकडेवारीनुसार २०२४ साली भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. प्रत्येकी ऐंशी-नव्वद युरो धरले तर शंभर कोटी रुपयांच्या वर रक्कम भारतीय घरांतून गेली आणि हाती नकाराचा कागद आला. शुल्क हे अर्ज तपासण्याचं असतं, व्हिसाचं नव्हे, हे मला माहीत आहे. पण पैसे घेऊन तपासणी केली, तर तिचा निष्कर्ष समजेल असा सांगणंही त्या तपासणीचाच भाग आहे.

तेच तर होत नाही. अमेरिकेचा नकार बहुतेकदा त्यांच्या कायद्याच्या २१४(ब) या कलमाखाली येतो : अर्जदार परत जाणारच, याची खात्री पटली नाही. नेमकं काय कमी पडलं, हे त्या कागदावर नसतं. शेंगेनच्या नियमांत लेखी कारण देणं बंधनकारक आहे, पण ते ठरावीक छापील कारणांपुढे खूण करून मिळतं. आमच्या ओळखीचं एक तंजावरी मराठी जोडपं, दोघंही निवृत्त शिक्षक, स्वतःचं घर, पेन्शन सुरू. मुलाकडे तीन आठवडे जायचं होतं. 'परत जाण्याच्या हेतूविषयी शंका' या ओळीसमोर खूण होऊन पासपोर्ट परत आले. ज्यांचं सारं आयुष्य कावेरीकाठी गेलं, ज्यांची पेन्शन, देव, माणसं सगळी इथे, त्यांच्या परतण्याविषयीच शंका! काकांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "आम्ही नेमकं काय चुकवलं?" मला उत्तर देता आलं नाही. दाद मागायची सोय कागदावर आहे, पण ती त्या-त्या देशाच्या कायद्याने, अनेकदा तिथल्याच न्यायालयात. जर्मनीने तर वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची पद्धत १ जुलै २०२५ पासून बंद केली. बर्लिनच्या न्यायालयात जाणं कुंभकोणमच्या निवृत्त शिक्षकाला कसं जमावं?

अशी अनिश्चितता असली की माणसं देवाला साकडं घालतात. चेन्नईत विमानतळाजवळ पळवंतांगलला लक्ष्मी व्हिसा गणपतीचं देऊळ आहे. अर्जदार तिथे पासपोर्ट घेऊन दर्शनाला येतात. त्यांना कुणी हसू नये. जिथे निकष कळत नाहीत, तिथे माणूस श्रद्धेचाच आधार घेतो. पण त्याच अनिश्चिततेचा फायदा दलालही घेतात. कुणी 'स्लॉट काढून देतो' म्हणतो, कुणी बँकेचं खोटं स्टेटमेंट जोडतो, आणि मग प्रामाणिक अर्जदाराकडेही संशयाने पाहिलं जातं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने संगणकीय बॉट वापरून घेतलेल्या सुमारे दोन हजार तारखा रद्द केल्या. ते योग्यच झालं. आपल्या बाजूचा हा दोष आपणच निपटायला हवा. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटांना १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पर्यटक व्हिसाच्या एजंटांसाठी देशपातळीवर तशी व्यवस्था नाही. पंजाबने २०१२ साली प्रवासी एजंटांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. ते देशभर का होऊ नये?

आणि आपण पाहुण्यांना कसं वागवतो, तेही पाहा. २७ नोव्हेंबर २०१४ पासून भारताने इलेक्ट्रॉनिक पर्यटक व्हिसाची वाट खुली केली. आज बहुतेक देशांचे पर्यटक घरबसल्या अर्ज भरतात, मुलाखतीविना व्हिसा मिळवतात आणि महाबळीपुरम् पाहून जातात. थायलंड आणि मलेशियाने २०२३च्या अखेरीपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाविना येऊ दिलं. युरोपीय संघानेही एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम सैल केले : तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. म्हणजे विश्वास ठेवता येतो. प्रश्न पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याचा आहे. तोच सर्वांत घाबरलेला असतो आणि नकारही त्यालाच जास्त झोंबतो.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या करते.

एक, आपल्या मंत्रालयाने दरवर्षी देशवार अहवाल काढावा : भारतीयांचे किती अर्ज, किती नकार, तारखेसाठी किती दिवस, कोणत्या शहरात काय स्थिती. हे आकडे युरोपकडून कळेपर्यंत आपण थांबायचं, हे बरं नव्हे.

दोन, द्विपक्षीय चर्चेत पर्यटक व्हिसा हा कायमचा विषय असावा. ७५ वर्षांवरील अर्जदारांना आणि घरात मृत्यू, आजारपण, जन्म असलेल्यांना आधीची तारीख मिळावी. नकार दिलाच तर कोणता कागद कमी पडला ते स्पष्ट लिहावं, आणि तो जोडून सहा महिन्यांत पुन्हा अर्ज केल्यास शुल्क पुन्हा घेऊ नये.

तीन, २०१७ पासून आपल्या मंत्रालयाने पोस्टाच्या कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं उघडली. बोटांचे ठसे आणि छायाचित्र कसं घ्यायचं, हे आपल्या यंत्रणेला चांगलं ठाऊक आहे. परदेशी वकिलातींशी बोलून मदुराई, कोइम्बतूर, तंजावर, बेळगाव, कोल्हापूर अशा ठिकाणी ठसे देण्याची सोय व्हावी. वृद्धांचा निदान एक प्रवास वाचेल.

चार, व्हिसा एजंटांसाठी परवाना सक्तीचा करा, आणि प्रत्येक देशाच्या अर्जाची खरी माहिती तमिळ, मराठी अशा भारतीय भाषांत एकाच जागी द्या. अर्ज घेणाऱ्या केंद्रांवरच्या लाउंज, एसएमएस, कुरिअर या सेवा ऐच्छिक असतात, हे वृद्ध अर्जदाराला त्याच्या भाषेत ठळकपणे सांगितलं जावं.

यातली एकही मागणी दुसऱ्या देशाच्या अधिकारावर आक्रमण करत नाही. 'आत घ्या' असं आम्ही म्हणत नाही. वेळेत उत्तर द्या, कारण समजेल असं सांगा, आणि वय झालेल्या माणसाला माणसासारखं वागवा, एवढंच म्हणतो. २०२२ साली आपण एका राजधानीत हा विषय काढलात आणि लाखो अर्जदारांची वाट मोकळी झाली. आता तो ब्रसेल्स, बर्लिन, लंडन आणि पुन्हा वॉशिंग्टनमध्ये काढा, आणि काय ठरलं ते देशाला सांगा.

आपली नम्र,
चेन्नईतील एक मराठी नागरिक