दिलेल्या बिंदूचा अधिकार

बारावीच्या गणितात ‘अमुक बिंदूतून जाणाऱ्या वक्राचे समीकरण काढा’ असा प्रश्न नेमाने येतो, आणि ज्या क्रमाने त्याचे उत्तर लिहविले जाते त्या क्रमाविषयीच माझी तक्रार आहे. स्पर्शिकेचा चढ दिलेला असतो. विद्यार्थी चल राशी वेगळ्या करतो, संकलन करतो, एक स्वेच्छ स्थिरांक मांडतो, आणि अखेरच्या ओळीत बिंदूचे निर्देशक घालून त्या स्थिरांकाची वासलात लावतो. चढ −क्ष/य असेल आणि बिंदू (३, ४) असेल, तर क्ष² + य² = २५ हे उत्तर बिनचूक येते; परंतु त्या चढाच्या कायद्याने आरंभबिंदूभोवती एककेंद्री वर्तुळांचा सबंध परिवारच उभा केला होता, आणि त्यातून नेमके एक वर्तुळ निवडण्याचा अधिकार त्या एका बिंदूने बजावला, याची त्या मुलाला बहुधा वार्ताही नसते.

हा प्रश्न काही परीक्षकांच्या दफ्तरात जन्मला नाही. ब्ल्वा येथील न्यायखात्यातील अधिकारी फ्लोरिमाँ द बोन यांनी स्पर्शिकेच्या गुणधर्मावरून वक्र शोधण्याचा प्रश्न इ. स. १६३८ मध्ये देकार्त यांच्यापुढे ठेवला, आणि देकार्त यांच्यासारख्या भूमितिज्ञाच्याही हाती त्याची पूर्ण उकल लागली नाही. लायब्निट्स यांनी १६८४ मध्ये आपल्या कलनशास्त्रावरील पहिल्याच प्रसिद्ध निबंधाच्या शेवटी ती दिली: कोटीच्या पायथ्यापासून स्पर्शिका अक्षाला छेदते तेथपर्यंतचे अंतर सदैव एकच राहत असेल, तर भुज समांतर श्रेढीने वाढताना कोटी गुणोत्तर श्रेढीने वाढते. क्षणोक्षणी चढणारे चक्रवाढ व्याज याच कायद्याने चालते; मात्र आज रक्कम किती झाली हे सांगावयाचे, तर मूळ मुद्दल किती होते हे आधी कळावे लागते, आणि ते मुद्दल म्हणजेच दिलेला बिंदू.

म्हणून माझा आग्रह असा की, संकलनाला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने आलेखपत्रावर ठिकठिकाणी चढाच्या लहान रेघा ओढाव्यात, दिलेल्या बिंदूवर पेन्सिल टेकवावी आणि त्या रेघांच्या अनुरोधाने वक्र हातानेच काढून पाहावा. एवढे केल्यावर त्याच्यापुढे असेही एक उदाहरण ठेवावे की जेथे बिंदूचा हा अधिकार लंगडा पडतो. चढ हा य च्या घनमूळाच्या वर्गाची तिप्पट आहे असे धरले, तर य = क्ष³ हा वक्र आरंभबिंदूतून जातो आणि क्ष-अक्षही जातो; शिवाय अक्षावरून हवे तितके अंतर चालून मग घनवक्रावर चढणारे वक्र अगणित. बिंदूतून एक आणि एकच वक्र केव्हा जातो याच्या अटी कोशी, लिप्शिट्झ प्रभृतींनी एकोणिसाव्या शतकात निश्चित केल्या. त्यांच्या सिद्धता पुढच्या इयत्तांसाठी खुशाल राखून ठेवाव्यात, पण हे उदाहरण बारावीच्या पुस्तकात अर्ध्या पानात मावते, आणि ते तेथे असावयास हवे.