वास जातीत असतो, खतात नाही: परसातल्या गुलाबाविषयी



द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर असताना हा गडी गुलाबावर कुठं लिहीत बसला, असं वाटेल. पण गुलाबालाही कात्री याच दिवसांत लागते, म्हणून आत्ताच लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्या जिल्ह्यात गुलाब वाढला, पण वासाचा गुलाब कमी होत चालला. बाजार तो टिकवणार नाही, कारण बाजाराला त्याची गरज नाही. टिकवायचा असेल तर आपल्या परसात आपणच टिकवायचा.

मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे. फारसीत गुल म्हणजे फूल, आणि गुलाबालाही तोच शब्द. पेशवाईत नाव परत नाशिक झालं. आज दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडीकडं गेलात तर पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब दिसेल. दांडा सरळ, कळी टपोरी, रंग एकसारखा. फूल नाकाला लावा, वास जवळपास नाहीच.

यात पॉलिहाऊसवाल्याला दोष देत नाही. त्याची प्रतवारी दांड्याच्या लांबीवर होते. ४० सेंमीला एक भाव, ६० ला दुसरा. कळी मिटलेली पाहिजे, खोक्यात दबली तरी डाग पडायला नको, गिऱ्हाइकाच्या घरी पाण्यात आठवडाभर उभी राहिली पाहिजे. वासाच्या गुलाबाची पाकळी सहसा पातळ, फूल लवकर गळतं. व्यापारी फूल हुंगून भाव करत नाही आणि बँकेचा हप्ता वासावर फिटत नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच माणूस पिकवणार.

पण यातून पुढं काय होतं ते बघा. उळ्यासाठी कांदे निवडताना आपण गोल, एका रंगाचा, जाड पत्तीचा, टिकाऊ कांदा बाजूला काढतो. चार-पाच पिढ्यांत तेच गुण घट्ट होतात. ज्या गुणाकडं आपण बघितलंच नाही, तो राहिला तर राहिला, गेला तर गेला. गुलाबाचं असंच झालं. वास काढून टाका असं कुणी ठरवलं नव्हतं. निवड करताना नाक वापरायचं बंद झालं, एवढंच.

याला शास्त्राचाही आधार आहे. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांचं एक संशोधन २०१५ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्यांनी पापा मेलँड हा भरपूर वासाचा लाल गुलाब आणि रूज मेलँड हा बिनवासाचा लाल गुलाब शेजारी ठेवून तपासले. गुलाबाच्या वासात जेरॅनिऑल नावाचा एक मोठा घटक असतो. तो पाकळीत तयार व्हायला जे एन्झाइम लागतं, त्याचं जनुक वासाच्या गुलाबात जोरात काम करतं आणि बिनवासाच्या गुलाबात जवळजवळ गप्प असतं. वासात आणखी बरेच घटक असतात, पण आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. वास जातीत असतो. जातीत नसेल तर कितीही शेणखत, कितीही ह्युमिक द्या, फूल मोठं होईल, वास येणार नाही. ‘सुगंध वाढवणारं’ टॉनिक कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

म्हणून रोप घेताना फुलावर असलेलं घ्या, आणि सकाळी जाऊन घ्या. ऊन चढलं की वास उडून जातो. म्हणूनच अत्तरवाल्यांकडं फूल पहाटे तोडतात. ३ ते ४ टन फुलांमागं १ किलो तेल निघतं, त्यांना उशीर परवडत नाही. रोपवाटिकेत कॅटलॉगचा फोटो बघू नका, अर्धं उमललेलं फूल हुंगा. नावं हवी असतील तर पापा मेलँड (१९६३), डबल डिलाइट (१९७७) आणि जुना क्रिमसन ग्लोरी (१९३५). पापा मेलँड भुरीला हळवा आहे, हे ध्यानात ठेवून घ्या. आणि या सगळ्यांच्या आधी आपला गुलाबी गावठी गुलाब. तो काडीवर येतो, रोप विकत घ्यावं लागत नाही. जुनं घर पाडून स्लॅब टाकताना पहिला तोच उपटला जातो, आणि त्या वाड्यावरची जात तिथंच संपते.

बागायतदाराला गुलाब अवघड नाही. डॉगरिजवर जसं आपण थॉमसन भरतो, तसाच हा जंगली खुंटावर डोळा भरलेला असतो. जोडाच्या खालून फुटवा आला की लगेच काढा, नाहीतर वर्षभरात वरची जात मरून नुसता खुंट माजतो. काळ्या जमिनीत खड्ड्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, रोप थोडं उंचावर बसवा, पाणी तुंबलं की मूळ सडतं. पाच-सहा तास ऊन पाहिजे. पाणी सकाळी आणि बुडाशी द्या, पानावर मारू नका, काळे ठिपके वाढतात. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की साधारण ४५ दिवसांनी फूल, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत. तेव्हाच वास खरा कळतो.

द्राक्षवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपात द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावायची जुनी रीत आहे, भुरीचं हवामान झालं की गुलाब आधी सांगतो म्हणून. दोन्हींची बुरशी वेगळी आहे, गुलाबावरची भुरी वेलीवर जात नाही, तेव्हा भिऊ नका. पण एक पथ्य पाळा. बागेतला उरलेला पंप घरच्या गुलाबावर मारू नका. ते फूल देवाला जातं, केसात जातं, गुलकंदात जातं. किडलेलं पान हातानं तोडा, मावा पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा. चार झाडांना तेवढं पुरतं.

कुणी म्हणेल, यातून उत्पन्न काय? काही नाही. पण डॉ. बी. पी. पाल यांचं नाव कृषीवाल्यांना माहीत असेल. गव्हाच्या तांबेऱ्यावर काम केलं, १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशाच्या भाकरीची चिंता ज्याच्या डोक्यावर होती, त्याच माणसानं गुलाबाच्या कितीतरी नव्या जातीही काढल्या. गहू आणि गुलाब यात त्याला भांडण दिसलं नाही.

बाजारासाठी बाजाराचं पिकवा, त्यात कमीपणा नाही. पण घरापुढची दोन गुंठे जागा बाजाराची नाही, तिथं निवड आपली. बिनवासाच्या पाकळ्यांत खडीसाखर घालून बरणी उन्हात ठेवली तर गुलकंद होत नाही, साखरेचा लगदा होतो. आपली नातवंडं गुलाबाचा वास अगरबत्तीच्या पुड्यावरून ओळखायला लागली, तर गुलशनाबाद हे नाव नुसतं पुस्तकात राहील.

या छाटणीत गावठी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर काड्या फेकू नका. तीन-चार डोळे ठेवून पिशवीत लावा, सावलीत ठेवा, ओल तेवढी राखा. फुटल्या की एक घरी ठेवा, बाकीच्या शेजारी आणि पाहुण्यांत वाटून टाका. एकाच वाड्यावर ठेवलेली जात कधी ना कधी जाते, चार घरी असली की राहते.

राम कृष्ण हरी.