बुशरेंजर कोणी संपवले?

ऑस्ट्रेलियाच्या वसाहतकाळाबद्दल एक समजूत इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. १८६० नंतर न्यू साऊथ वेल्समध्ये सोन्याच्या गाड्या आणि टपाल लुटणाऱ्या बुशरेंजरांनी उच्छाद मांडला. आज आहेत तर उद्या नाहीत अशी निवडून आलेली मंत्रिमंडळे हात चोळत बसली. शेवटी १८६५ साली ‘फेलन्स अ‍ॅप्रिहेन्शन अ‍ॅक्ट’ आला, दरोडेखोरांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढले गेले आणि बंड मोडले. तेरा वर्षांनी व्हिक्टोरियाने हेच औषध नेड केलीच्या टोळीला पाजले आणि तीही संपली. तात्पर्य काय, तर सरकारने मऊपणा सोडला की गुन्हेगारी मोडते.

हा पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आधी पुढे ठेवतो. कायद्याला ८ एप्रिल १८६५ रोजी मंजुरी मिळाली. ५ मे रोजी फोर्ब्सजवळ बुशरेंजर बेन हॉल मारला गेला. १३ मे रोजी बिनालाँगजवळ जॉन गिल्बर्ट पडला. त्यांचा तिसरा साथीदार जॉन डन डिसेंबरात सापडला आणि पुढच्या मार्चमध्ये फासावर गेला. पाच आठवड्यांत दोन म्होरके गारद! नुसत्या तारखा पाहिल्या तर खटला इथेच संपतो.

आता तारखांच्या आत काय आहे ते पाहू. या कायद्याची रीत अशी होती की न्यायाधीशाने नाव घेऊन आरोपीला अमुक तारखेपर्यंत हजर होण्याचे फर्मान काढायचे. तो आला नाही, तर त्याला कायद्याबाहेरचा घोषित करायचे. त्यानंतर कोणीही त्याला जिवंत वा मृत पकडावे, ‘थांब’ म्हणण्याचीही गरज नाही. त्याला आसरा देणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आणि मालमत्ता जप्त. बेन हॉलवर पहाटे गोळ्यांचा वर्षाव झाला तेव्हा हजर होण्याची ही मुदत अजून सरलेलीच नव्हती. म्हणजे ज्याच्या मृत्यूला या कायद्याचे पहिले यश म्हणतात, तो मेला त्या घटकेला कायद्याच्या आतच होता. त्याला गाठले ते खबऱ्याने दिलेल्या बातमीवरून आणि बिली डार्गिन या आदिवासी माग काढणाऱ्याच्या मदतीने. यातले काहीच नवे नव्हते. खबर आणि माग ही साधने नव्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून पोलिसांच्या हाताशी होती. पुढे चौकशीत हा मनुष्यवध समर्थनीय ठरला, आणि मुदतीचा प्रश्न तिथेच विरला.

गिल्बर्टचे प्रकरण मात्र पूर्वपक्षाच्या बाजूचे आहे, हे मान्य करायला हवे. तो आणि डन ज्या घरात रात्री उतरले होते, ते डनच्या आजोबाचे घर. त्या आजोबानेच पोलिसांना खबर दिली. नातवाला आसरा दिला तर पंधरा वर्षे आणि जमीन दोन्ही जाणार, या भीतीने म्हातारा फिरला असेल. बक्षिसाचा मोहही असेल. दोन्हीपैकी कशाचे वजन जास्त पडले हे आज कोण सांगणार? पण वादासाठी हे एक यश कायद्याच्या खात्यावर जमा करू.

मग ब्रेडवूडचे काय? कायदा पुस्तकात होता, आसरा देणाऱ्यांवरची कलमेही होती, आणि तरीही १८६५ ते १८६७ या काळात तिथल्या डोंगराळ मुलखात टॉमस आणि जॉन या क्लार्क बंधूंची टोळी फोफावली. टॉमस क्लार्कला या कायद्याखाली रीतसर बहिष्कृत ठरवले होते. तरी त्याला जेवण, घोडे आणि पोलिसांच्या हालचालींची बातमी पुरवणारी घरे काही बंद झाली नाहीत. जानेवारी १८६७ मध्ये सरकारने गुपचूप पाठवलेल्या चार विशेष शिपायांची जिंडेनजवळ हत्या झाली. हॉलच्या साऱ्या कारकिर्दीत एका फटक्यात असा घाव बसला नव्हता. भीतीने आसरा बंद होतो हे खरे असते, तर सगळ्यात रक्ताळलेले प्रकरण कायद्याच्या आधी घडायला हवे होते. ते नंतर घडले. क्लार्क बंधूंना एप्रिलमध्ये शेवटी वेढले तेही सर वॉटकिन विन या आदिवासी माग काढणाऱ्याच्या जोरावर. त्या चकमकीत त्याने हात गमावला. आणि ज्याला पाहताच गोळी घालण्याची मुभा होती तो टॉमस आणि त्याचा भाऊ दोघेही जिवंत शरण आले, त्यांच्यावर खटला चालला आणि जून १८६७ मध्ये त्यांना फाशी झाली. सारे कसे जुन्या, कंटाळवाण्या रीतीने.

कायद्याने काम केले नाही, तर तो केला तरी कशासाठी? इथे राजकारण येते, आणि मला वाटते खरी गोष्ट इथेच आहे.

१८६१ साली रॉबर्टसनच्या जमीन कायद्यांनी गरीब माणसाला सरकारी जमिनीचा तुकडा निवडून हप्त्याने घेण्याची वाट उघडली. मेंढपाळीचे अफाट मुलूख आधीच बळकावून बसलेले स्क्वॉटर आणि हे नवे सिलेक्टर यांच्यात मग कुंपणावरून, पाण्यावरून, भटक्या गुरांवरून रोजची झोंबाझोंबी सुरू झाली. १८६२ साली चार्ल्स कूपरच्या सरकारने स्थानिक पोलीसदले मोडून सिडनीहून हलणारे एकच दल उभारले. कागदावर हे सुधारणेचे पाऊल होते. प्रत्यक्षात रानाची ओळख नसलेले, भपकेबाज गणवेशातले घोडेस्वार त्या मुलखात उतरले. त्याच वर्षी जूनमध्ये युगाउरा येथे फ्रँक गार्डिनरच्या टोळीने सरकारी सोन्याची गाडी लुटली. सुमारे १४,००० पौंडांचा माल गेला. पश्चिमेकडचा पोलीस अधिकारी सर फ्रेडरिक पॉटिंजर हा इंग्लंडातला बॅरोनेट होता. त्याच्या लोकांनी बेन हॉलचे घर जाळले, पण हॉल सापडला नाही. वर्तमानपत्रांना हसायला एक आयता बॅरोनेट मिळाला.

त्यामुळे १८६५ साली कूपर पुन्हा सत्तेवर आला तेव्हा त्याच्यापुढे नुसते बुशरेंजर उभे नव्हते. त्याच्याच सरकारने घडवलेले आणि जाहीरपणे नापास झालेले पोलीसदलही उभे होते. दल सुधारायचे तर चूक कबूल करावी लागते, पैसा लागतो, वर्षे लागतात. भीषण शब्दांचा कायदा करायला एक अधिवेशन पुरते. मंत्रिमंडळाने काय निवडले ते उघड आहे. यात वसाहतीची स्मृती किती आखूड होती तेही दिसते. १८३० साली गव्हर्नर डार्लिंगने असाच एक बुशरेंजिंग कायदा केला होता. नुसत्या संशयावरून वाटेवरच्या कोणालाही पकडायचे आणि आपण पळालेले कैदी नाही हे त्यानेच सिद्ध करायचे! १८३४ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी हा इंग्रजी न्यायाशी विसंगत असल्याचा आक्षेप घेतला, तरी कायदा वाढवला गेला. तीस वर्षांनी प्रश्न पुन्हा तिथेच होता.

व्हिक्टोरियाची कथा तर याहून बोलकी. २६ ऑक्टोबर १८७८ रोजी स्ट्रिंगीबार्क क्रीकवर केली टोळीने केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन या तीन पोलिसांना ठार केले. सहाव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, कायदा तयार. ज्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांनी आमदारांच्या मानधनावरून भांडून त्याच वर्षाच्या जानेवारीत साऱ्या वसाहतीचा कारभार अडवला होता, प्रीमियर ग्रॅहम बेरीने न्यायाधीशांसकट शेकडो सरकारी नोकरांना एका फटक्यात घरी बसवले होते, त्याच विधिमंडळाला माणसाला कायद्याबाहेर टाकायला एक आठवडाही लागला नाही. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भाऊ शेजाऱ्याशी भांडताना कसे चटकन एक होतात, तसेच हे.

परिणाम? १० डिसेंबरला युरोआची बँक लुटली गेली. फेब्रुवारी १८७९ मध्ये टोळीने सरहद्द ओलांडून न्यू साऊथ वेल्समधल्या जेरिल्डरीत पोलिसांनाच त्यांच्या कोठडीत कोंडले आणि तिथली बँकही साफ केली. दोन्ही वसाहतींत मिळून बक्षिसाची रक्कम ८,००० पौंडांवर गेली. टोळीला पकडून देणारी खबर मिळाली नाही. दरम्यान सरकारने कायद्याचे दुसरे टोकही बाहेर काढले होते. जानेवारी १८७९ मध्येच वीसहून अधिक शेजारी, नातलग, ‘समर्थक’ पकडले गेले आणि बीचवर्थच्या न्यायालयात आठवड्यामागून आठवडा पुरावा न देता त्यांची कोठडी वाढवत ठेवली. सुगीचे दिवस होते. शेती करणाऱ्यांना सुगीत तुरुंगात बसवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. एप्रिलपर्यंत सगळे सुटले, कारण सिद्ध करण्यासारखे काहीच नव्हते. वर काही जणांना जमिनीचा नवा तुकडा मिळू नये म्हणून काळी यादीही झाली. ज्यांची मने वळवायची, त्यांचेच पोट आवळायचे, ही कुठली नीती?

टोळीचा शेवट २८ जून १८८० रोजी ग्लेनरोवनला झाला. पोलिसांची खास आगगाडी रूळ उखडलेल्या जागी उलटावी हा टोळीचा बेत. तो फसला तो टॉमस कर्नो या गावच्या शाळामास्तरामुळे. नेडला गोड बोलून त्याने घरी जायची परवानगी मिळवली आणि लाल रुमालामागे मेणबत्ती धरून गाडी थांबवली. या माणसाला कोणत्या कलमाने हलवले? कुठल्याच नाही. गाडीतली माणसे मरतील हे त्याला बघवले नाही, एवढेच.

इथे दुसऱ्या बाजूचे भाबडे लोक टाळ्या वाजवू लागतात, म्हणून त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. सरकार चुकले म्हणून नेड केली गरिबांचा कैवारी ठरत नाही. ती गाडी उलटली असती तर पोलिसांबरोबर चालक आणि इतरही मेले असते. त्याच्या दोन दिवस आधी टोळीने आपलाच जुना मित्र ॲरन शेरिट याला त्याच्या दारात मारले. मराठी वाचकाला इथे उमाजी नाईक आठवतात, वासुदेव बळवंत फडके तर नेमके १८७९चेच. पण ही तुलना टिकत नाही. ते परक्या सत्तेविरुद्ध उठले होते. केली आणि हॉल ज्या जमिनीच्या वाट्यावरून चिडले होते, ती जमीन मुळात दुसऱ्याच लोकांकडून हिसकावलेली होती, आणि तिच्यावरच्या पहिल्या हक्काची आठवण ना स्क्वॉटरला होती ना सिलेक्टरला.

त्या दुसऱ्या लोकांचे या कथेतले स्थान पाहिले की सरकारचा हिशेब पुरता उघडा पडतो. डार्गिन, विन, आणि केलीच्या मागावर क्वीन्सलंडहून आणलेले माग काढणारे. यांच्यावाचून एकही मोहीम पुढे सरकली नसती. नेड स्वतः पोलिसांपेक्षा या माग काढणाऱ्यांनाच भीत असे. बक्षीस वाटले गेले तेव्हा पोलीस सुपरिंटेंडेंट हेअरच्या वाट्याला ८०० पौंड आले. माग काढणाऱ्यांच्या नावावर प्रत्येकी ५० पौंड लागले, आणि अशा लोकांच्या हाती पैसा देणे बरे नाही असा शेरा मारून ते सरकारांच्या ताब्यात ठेवायचे ठरले.

पूर्वपक्षाचे शेवटचे अस्त्र असे की दया दाखवली की गुन्हेगार सोकावतात. तर तेही एकदा घडून गेले आहे. बत्तीस वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गार्डिनरला १८७४ साली गव्हर्नर हर्क्युलिस रॉबिन्सनने देशाबाहेर जाण्याच्या अटीवर सोडले. सभागृहात वादळ उठले आणि हेन्री पार्क्सचे मंत्रिमंडळ त्यात गेले. गार्डिनर सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन दारूचे दुकान चालवू लागला. न्यू साऊथ वेल्समध्ये त्याच्या सुटकेने नवी टोळी उभी राहिली नाही. ज्या मंत्रिमंडळांच्या काळात पोलीस हरत होते ती हरण्याने पडली नाहीत, आणि एक मंत्रिमंडळ पडले ते एका थकलेल्या कैद्याला सोडल्याने. कठोरपणाला मते का पडतात, याचे उत्तर यात आहे.

मग बंड शमले कशाने? १८८१ च्या रॉयल कमिशनने पोलीस अधिकाऱ्यांच्या आपसातल्या हेव्यादाव्यांवर आणि ढिलाईवर कठोर ताशेरे ओढले. ग्लेनरोवननंतर ईशान्य व्हिक्टोरियात दुसरा उठाव होणार अशी सगळ्यांना धास्ती होती. टोळीचे नातलग आणि मित्र शिल्लक होते, राग तर दुप्पट झाला होता. ग्रेटा गावी रॉबर्ट ग्रॅहम नावाचा एक पोलीस शिपाई नेमला गेला. तो या कुटुंबांच्या घरी गेला, त्यांच्याशी बोलला. नेडची आई एलन केली तुरुंगातून सुटून आली होती. त्याने तिच्याकडेही मदत मागितली, आणि ती तिने केली. दुसरा उठाव झाला नाही.

न्यू साऊथ वेल्सने मात्र आपला कायदा १८९९ साली पुन्हा नव्याने मांडला. पुढच्याच वर्षी, ऑस्ट्रेलिया एक राष्ट्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, त्याखाली जिमी आणि जो गव्हर्नर या दोन भावांना कायद्याबाहेरचे ठरवले गेले. त्यांनी केलेल्या हत्या भयंकर होत्या यात वाद नाही. जिमी आदिवासी आईचा मुलगा, आणि काही काळ कॅसिलिसच्या पोलिसांसाठी त्याने माग काढण्याचे काम केले होते.