डबा संपतो, पण अंगी लागत नाही

“खातो भरपूर, पण अंगी काही लागत नाही,” ही तक्रार पालकसभेत नेहमी कानी पडते. कुणी दृष्ट काढते, कुणी जंतांचे औषध देते, कुणी आईच्या स्वयंपाकालाच नावे ठेवते. आम्हांला वाटते, अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारावा: पोटात गेलेले अन्न रक्तात पोहोचते आहे का?

लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे तेथूनच शोषली जातात. सीलिअॅक नावाच्या आजारात गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती या अंकुरांवरच उलटते आणि ते झिजतात. मग जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची किंवा गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय दिसतो. कधी नुसता थकवा असतो, आणि आपण मुलाला आळशी ठरवून मोकळे होतो.

गव्हाचा हा दोष ओळखला डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले सुधारली; पाव परत येताच पुन्हा खालावली. आपल्याकडेही हा आजार दुर्मीळ नाही. उत्तर भारतातील गहू खाणाऱ्या भागात तो शंभरात सुमारे एकाला आढळतो. माळव्यातील आपल्या मराठी घरांतही रोज पोळीच असते.

निदानासाठी रक्ताची टीटीजी तपासणी करतात, आणि बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. पालकांना कळकळीची विनंती, की तपासणीआधी मनानेच गहू बंद करू नका. आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. प्रवृत्ती आनुवंशिक असल्याने भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

औषध म्हणाल तर पथ्य हेच, आणि तेही जन्मभर. पण तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, राजगिरा, बेसन सारे चालते. पोहे चालतात, जिलबी नाही. मात्र गव्हाच्याच चक्कीवर दळलेली ज्वारी चालत नाही, आणि बाजारच्या हिंगातही मैदा असतो.

घर हे पथ्य सांभाळते. ते मोडते ते शाळेत. वाढदिवसाचा केक, सहलीतल्या पुऱ्या, सत्यनारायणाचा शिरा. “एवढ्याशाने काय होते?” असे प्रेमाने म्हणतात, पण एवढ्याशानेही होते. म्हणून विश्वस्तांना आमचे सांगणे आहे: शाळेच्या प्रसादाला केळे किंवा खोबरे-खडीसाखरेची खिरापत ठेवावी, आणि प्रवेशअर्जात पथ्याची एक ओळ असावी. एकासाठी सर्वांचा प्रसाद का बदलायचा, असे कुणी विचारील. प्रसाद सर्वांना घेता यावा, म्हणूनच.