तोडूनही न संपणारं रान



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक जंगल आहे. त्यातली झाडं माणसं हिवाळ्यात तोडतात. एखाद-दुसरं वर्ष नव्हे, निदान पावणेआठशे वर्षं तोडत आली आहेत. तरीही ते जंगल जागच्या जागी उभं आहे आणि चांगलं दाट आहे. हे कसं बरं?

उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंडला जायला हवं. चला तर! पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला आणि रेनकोट बरोबर घ्या. मे महिना असला तरी तिथल्या पावसाचा भरवसा नाही.

लंडनच्या ईशान्येला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सफोक नावाचा परगणा आहे. त्यात बरी सेंट एडमंड्स हे जुनं गाव. गावात मोठा साखर कारखाना आहे, १९२५ सालापासूनचा. पण आसपास शोधलंत तरी उसाचं एक कांडंही दिसायचं नाही. इथली साखर बीटापासून होते. आपण कोशिंबिरीत घालतो ते लाल बीट नव्हे हं. हे पांढरट, मुळ्यासारखं जाड असतं. उसाला लागतं तसं ऊन इथं नाही, म्हणून जमिनीखाली साखर साठवणारं हे पीक घेतात.

गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आपलं रान आहे, ब्रॅडफील्ड वुड्स. तिकडे जायला डांबरी रस्ता आहेच, पण अशा मुलुखात खरी मजा चालण्यात. बघा, शेताच्या कडेला एक खांब आहे आणि त्यावर पिवळा बाण. ही सार्वजनिक पायवाट. कधी कधी ती सरळ गव्हाच्या शेतामधूनच जाते. शेत एका मालकाचं, पण वाट सगळ्यांची! मालकाला ती बंद करता येत नाही. पूर्वीपासून लोक जिथून चालत आले, त्या वाटांची नोंद नकाशावर करायची, असा कायदा इंग्लंडमध्ये १९४९ साली झाला. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरते.

पण हक्काबरोबर शिस्तही आली. फाटक उघडलं तर आठवणीनं लावायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतील. पिकात शिरायचं नाही. कुत्रा बरोबर असेल तर त्याला जनावरांजवळ मोकळा सोडायचा नाही. आणि कागदाचा कपटासुद्धा मागे टाकायचा नाही.

शेताच्या कडांना जिवंत कुंपणं आहेत. मे महिन्यात ती पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हे हॉथॉर्नचं काटेरी झुडूप. ते याच महिन्यात फुलतं म्हणून लोक त्याला लाडानं ‘मे’ असंच म्हणतात. कुंपणात पक्षी घरटी करतात, साळिंदरासारखे काटे असलेला छोटासा हेजहॉग आडोसा शोधतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं आली. यंत्रांना मोठी शेतं हवीत, म्हणून मैलच्या मैल कुंपणं उखडली गेली. शेवटी १९९७ साली नियम झाला, की महत्त्वाचं जुनं कुंपण परवानगीवाचून काढायचं नाही.

आलं बरं का आपलं रान! आत जाण्याआधी खाली बघा. कडेनं एक चर खणलेला आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला मातीचा बांध. शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी तो घातला. चोरांपासून राखायला म्हणाल, तर नाही. गुरांपासून! गुरं आत शिरून काय खातील, हे आता बघूच.

आत पाऊल टाकलं की चिकणमाती बुटांना धरून ठेवते. वाघ, लांडगा भेटेल अशी भीती नको. वाघ इथं नाहीतच आणि इंग्लंडमधले लांडगे पाचेकशे वर्षांपूर्वीच संपले. समोर एक मोकळी जागा आहे आणि तिथं ओळीनं खुंट दिसताहेत. गेल्या थंडीत इथली सगळी झाडं जमिनीलगत तोडली होती. जरा वाकून पाहा. प्रत्येक खुंटाच्या कडेनं कोवळे धुमारे फुटले आहेत. सागाचं झाड तोडल्यावर खुंटाला धुमारे फुटलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील, तसंच हे. हेझेल, ॲश अशा झाडांची मुळं जमिनीत शाबूत असतात आणि त्यांत अन्नाचा साठा असतो. त्या जोरावर धुमारे भराभर वाढतात. हेझेलच्या काठ्या सात-दहा वर्षांत तोडणीला येतात. ॲशला वीस-पंचवीस वर्षं देतात.

आता गुरांचं कोडं सुटलं ना? हे कोवळे धुमारे गुरांना फार आवडतात. ते एकदा खाल्ले गेले की झाड परत उठायला कठीण. आता गुरं येत नाहीत, पण हरणं फार झाली आहेत. म्हणून नव्या तोडलेल्या जागेला कुंपण घालावं लागतं.

तोडणी सगळ्या रानात एकदम होत नाही. रानाचे तुकडे पाडलेले असतात. या हिवाळ्यात एक तुकडा, पुढच्या हिवाळ्यात दुसरा. सगळे तुकडे फिरून होईपर्यंत पहिला पुन्हा वाढून तयार! १२५२ सालापासून इथं अशी तोड होत असल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मोठ्या मठाचं होतं. आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५३९ साली, मठ बंद झाला. मालक बदलले, पण तोडणीची पद्धत चालू राहिली. इथले ॲशचे काही खुंट कितीतरी फूट रुंद आहेत. ते हजार वर्षांचे असावेत असा अंदाज आहे. गंमत बघा, तोडलं नसतं तर ॲशचं झाड दोन-तीनशे वर्षांत म्हातारं होऊन पडलं असतं. पुन्हा पुन्हा तोडल्यामुळे ते इतकं जगलं.

लाकडाचं काय करायचे? हेझेलच्या काठ्या विणून मेंढ्यांसाठी ताट्या होत. चिरलेल्या काठ्यांचे आकडे करून गवताची छपरं शाकारत. ॲशचं लाकूड चिवट, म्हणून त्याचे दांडे आणि दंताळी करत. जवळच्याच एका गावात दंताळी बनवायचा छोटा कारखानाही होता, त्याला लाकूड इथूनच जाई. उरलेलं सरपण.

तोडणीनं आणखी एक काम होतं. जमिनीवर ऊन पडतं. मग वर्षानुवर्षं सावलीत दबलेली फुलझाडं उसळून वर येतात. फिकट पिवळे ऑक्सलिप एप्रिलमध्ये, त्यामागून निळे ब्लूबेल. झाडांना पानं येऊन सावली दाटायच्या आत त्यांना फुलून घ्यायचं असतं, म्हणून ही सगळी घाई. या रानात वनस्पतींच्या साडेतीनशेहून अधिक जाती सापडल्या आहेत.

दाट वाढलेल्या तुकड्यात डॉरमाउस राहतो. सोनेरी रंगाचा, झुपकेदार शेपटीचा, तुमच्या मुठीत मावेल एवढा उंदरासारखा प्राणी. फांदीवरून फांदीवर जातो, हेझेलच्या फळाला गोल भोक पाडून आतला गर खातो आणि ऑक्टोबरच्या सुमारास जो झोपतो, तो थेट एप्रिलच्या आसपास उठतो! (नाही, शाळेत असं चालणार नाही.)

एवढं जुनं रान, पण एकदा ते जवळजवळ गेलंच होतं. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्याचा मोठा भाग बुलडोझर लावून उखडला गेला आणि तिथं शेती झाली. इथं नीट लक्ष द्या. कुऱ्हाडीनं जमिनीलगत तोडलेलं झाड परत आलं होतं, शेकडो वर्षं येत होतं. बुलडोझरनं मुळंच उपटली, मग धुमारे कुठून फुटणार? चर गेला, बांध गेला, ऑक्सलिपची माती नांगराखाली गेली. लोकांनी आवाज उठवला आणि १९७०च्या सुमारास निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेनं उरलेलं रान विकत घेतलं. आता सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट त्याची देखभाल करतो. दीडशे एकरांहून थोडं जास्त रान वाचलं आणि तोडणी पुन्हा नियमानं होते.

अशा रानांचं मोल लोकांना पटवून देणारे एक शास्त्रज्ञ होते, ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५). केंब्रिजला असत आणि कायम लाल मोजे घालत. ते जुने दस्तऐवज वाचत आणि मग रानात जाऊन चर, बांध, खुंट तपासत. कागद आणि झाड दोघांची साक्ष जुळली की इतिहास पक्का! इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सतत जंगल असलेल्या जागेला ‘प्राचीन रान’ म्हणतात. ब्रिटनच्या जमिनीवर अशी रानं जेमतेम अडीच टक्के उरली आहेत. नवी झाडं लावता येतात, पण शेकडो वर्षांची माती लावता येत नाही.

संकट मात्र टळलेलं नाही. २०१२ साली ब्रिटनमध्ये ॲशवर एक बुरशी सापडली. ती मूळची पूर्व आशियातली. आधी ती परदेशातून आणलेल्या रोपांवर दिसली आणि त्याच वर्षी सफोकशेजारच्या नॉरफोकमध्ये रानातल्या झाडांवरही. तिचे कण वाऱ्यानंही पसरतात. पानं कोमेजतात, फांद्या वाळतात, आणि बरीच झाडं मरतात. ॲशची रोपं देशात सहज वाढत असताना ती बाहेरून मागवली जात होती, हे वाचून तुम्हालाही नवल वाटेल. काही थोडी झाडं मात्र या रोगाला तोंड देऊन उभी आहेत. शास्त्रज्ञ त्यांचं बी जपताहेत. हजार वर्षांचे ते खुंट टिकतील का, हे तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कळेल.

आता कोड्याचं उत्तर तुम्हीच वहीत लिहा. ‘तोडणं’ आणि ‘उपटणं’ यांत फरक काय, हे पाच ओळींत आलं पाहिजे.

हे करून पाहा : घराजवळ किंवा शाळेजवळ तोडलेल्या झाडाचा एखादा खुंट शोधा. दर रविवारी तिथं जा. धुमारे फुटले का, किती, कोणी खाल्ले का, तारखेसह लिहून ठेवा. चार महिने तरी नोंदी ठेवायच्या.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठी एक छोटंसं काम. तुमच्या लहानपणी गावात जी पायवाट होती, ती आज आहे का? सुट्टीत मुलांना त्या वाटेनं चालवून आणा. वाट बुजली असेल, तर ती कुठून जायची, तेवढं तरी दाखवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमची,
बाई